सवालसाहेबांचे ऐंशी प्रश्न

त्यांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. आपण हा प्रश्न विचारतो तो काही उत्तरासाठी नव्हे. समोरचा "ठीक" म्हणतो, आपण पुढे जातो. ते मात्र सायकलवरून उतरत, सायकल भिंतीला टेकवत, क्षणभर डोळे मिटत आणि सांगत, "डाव्या गुडघ्यात कालपेक्षा कमी दुखतंय. रात्री दोनदा जाग आली. सकाळपासून जरा चीड आलेली आहे, पण कशाची ते अजून सापडलेलं नाही." मग तितक्याच गंभीरपणे विचारत, "आणि तुम्ही?" आपण "ठीक" म्हटलं की ते तसेच उभे राहत, पुढचं ऐकायला. कचेरीतल्या निम्म्या लोकांनी ते समोरून दिसले की वाट बदलायची सवय लावून घेतली होती.

कामगार त्यांना सवालसाहेब म्हणत. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची धुराडी उभी राहू लागली होती, आणि त्यातल्याच एका रंगाच्या कारखान्यात मी कारकून म्हणून चिकटलो होतो. साहेब तिथे माणसं निवडायला होते आणि मी त्यांच्या हाताखाली. लढाईच्या दिवसांत त्यांनी लष्कराच्या भरती कचेरीत नोकरी केली होती. तिथून येताना ते एक जाड इंग्रजी पुस्तिका घेऊन आले होते. तिच्यात ऐंशी प्रश्न होते, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. ही उत्तरं मिळाली की माणूस कोणत्या प्रकारचा आहे ते कळतं, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

प्रकार चार. साहेब त्यांना घरं म्हणत. पहिल्या घरातला माणूस आधी करतो आणि मग विचार करतो. दुसऱ्या घरातला थंड डोक्याचा, त्याला कुठेही उभा करा. तिसऱ्याला आजूबाजूला चार माणसं लागतात. चौथ्याच्या आत कसली तरी भीती बसलेली असते, आणि ती कशाची हे कळेपर्यंत त्याला कारखान्यात पाऊल टाकू द्यायचं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि जगातलं सगळं मला कळत होतं. आमच्या घरी पत्रिका बघायची पद्धत होती. पत्रिकेप्रमाणे माझा राक्षसगण, आणि मी उंदराला भितो. आमच्या वैद्यांनी माझी प्रकृती कफाची ठरवली होती, ती त्यांनी पुढच्याच वर्षी पित्ताची केली. साहेबांची चार घरं मला त्याच माळेचे मणी वाटली, आणि एकदा मी तसं बोलूनही गेलो. ते रागावले नाहीत. त्यांना राग आला असता तर त्यांनी तसं सांगितलंच असतं.

"पत्रिका माणसाला काही विचारत नाही," ते म्हणाले. "मी विचारतो. नीट विचारलं की माणूस खरं सांगतो. आपण विचारत नाही, हे आपलं दुखणं आहे."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि का झालं नव्हतं हे ते कुणालाही सांगत. मुलगी बघायला गेले तेव्हा पुस्तिका बरोबर नेली होती. पोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या बापासमोर त्यांनी तिला ऐंशी प्रश्न विचारले. मुलगी हुशार होती. तिनं सगळी उत्तरं दिली, आणि मग म्हणाली, आता पुस्तिका माझ्याकडे द्या. तिनं तेच ऐंशी प्रश्न साहेबांना विचारले. साहेबांनी खरी उत्तरं दिली. तिनं नकार कळवला. "योग्य निर्णय होता," साहेब सांगत. "तिच्या जागी मी असतो तर मीही नकार दिला असता." सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नसे. मी हसत असे आणि ते माझ्या हसण्याकडे कुतूहलानं बघत असत.

दिघीला, लष्कराच्या हद्दीला लागून, दोन खोल्या भाड्यानं घेऊन ते राहत. तिथून रोज सायकलनं येत. खाकी अर्धी विजार, डोक्यावर जुनी सोला हॅट आणि खिशात एक घड्याळ, उत्तर द्यायला माणसाला किती वेळ लागतो ते मोजायला. दर सहा महिन्यांनी ते माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसत आणि आपली परीक्षा मला घ्यायला लावत. एकदा ते चौथ्या घरात निघाले. त्यांनी तसा अर्ज वरच्या साहेबांना दिला, की आपल्याला यंत्रांच्या जवळ जाऊ देऊ नये. वरच्या साहेबांनी तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला, आणि ते हसू कचेरीला महिनाभर पुरलं.

हा माणूस असा का झाला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या दिवशी दिघीकडून गोळीबाराच्या सरावाचे आवाज येत होते आणि ते हातातलं काम थांबवून ऐकत होते. भरती कचेरीत असताना त्यांनी एका पोराला छाती मोजून, दात बघून पास केलं होतं. तो पोरगा लढाईवरून परत आला तो धडधाकट आला, पण त्याची वाचा गेली होती. साधं भांडं पडलं तरी खाटेखाली जाऊन बसायचा. त्याची आई कचेरीत आली. तिनं विचारलं, याला भरती करताना तुम्ही काही विचारलं होतं का?

"मी काय म्हणालो असेन?" साहेबांनी मला विचारलं.

मी टाक खाली ठेवला. त्यांनीच सांगितलं.

"मी म्हणालो, वय विचारलं होतं."

मग त्यांनी पुन्हा काम सुरू केलं. मला त्या वेळी वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकलं नाही.

इंग्रजी प्रश्न मराठीत आणायला आम्हांला दोन महिने लागले. "मेजवानीत तुम्ही अनोळखी माणसांशी आपणहून बोलता का?" असा एक प्रश्न होता. मेजवानीच्या जागी लग्न घातलं. थेरगावच्या एका म्हाताऱ्याला तो वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "लग्नात अनोळखी मानूस आलाच कसा? त्याला हाकलून दिला न्हाई का कुनी?" साहेबांनी घड्याळ बंद केलं, हे उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं आणि प्रश्न चौथ्यांदा बदलला. लोकांची पंचाईत वेगळीच होती. माणसाला त्याच्या स्वतःबद्दल काही विचारायचं असतं, हेच त्यांना नवीन होतं. "तुम्हांला लवकर राग येतो का?" असं विचारलं की उत्तर यायचं, "थोरल्याला येतो." "एकटं राहायला आवडतं का?" म्हटलं की माणूस विचारात पडून म्हणायचा, "एकटा कवा व्हतो मी?" आणि बहुतेक जण शेवटी हात जोडून म्हणत, "बाबू, जे बरं आसंल ते तुमीच लिवा."

नेमकं तेच मी करू लागलो.

आलेल्या माणसांतल्या पुष्कळांना वाचता येत नव्हतं. म्हणून एका पत्र्याच्या खोलीत मी प्रश्न वाचायचे, समोरच्यानं उत्तर द्यायचं, आणि मी हो किंवा नाहीच्या रकान्यात फुली मारायची, अशी पद्धत होती. सुरुवातीला एकदोघांना साहेबांनी स्वतः विचारलं, मी शिकावं म्हणून. मग त्यांनी ते माझ्यावर सोपवलं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, कारण त्यांनी माझी परीक्षा घेतली होती आणि मी दुसऱ्या घरात निघालो होतो.

दिवसाला वीस-वीस माणसं. वर पत्रा तापलेला. "रिकाम्या वेळी पुस्तक वाचायला आवडतं का?" हा प्रश्न अक्षरशत्रू माणसाला काय विचारायचा? मी न विचारताच नाहीवर फुली मारू लागलो. मग असे आणखी चारपाच प्रश्न मला सापडले. मग पन्नासाव्या प्रश्नानंतर माणूस जांभया देऊ लागला की मी त्याला चहा प्यायला पाठवी आणि उरलेल्या फुल्या त्याच्या एकंदर चेहऱ्यावरून मारून टाकी. कुणाच्या चेहऱ्यात गरज जास्त दिसली तर फुल्या जरा सढळ पडत. कुणी उद्धटपणे बोललं तर त्याचं घर बदलायला मला दोन फुल्या पुरत. साहेब दुसऱ्या खोलीत त्या फुल्यांची मोजदाद करत आणि मधूनच दारात येऊन आनंदानं सांगत, "बघा, या भागातल्या लोकांत दुसरं घर किती जास्त आहे." मी मान हलवी. मला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. थोतांडच ते, त्यात माझ्या थोतांडाची भर पडली तर कुणाचं काय जातं?

म्हादू चिखलीचा. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. आमची पत्र्याची खोली उभी राहिली तेव्हा तो गवंड्याच्या हाताखाली होता, आणि दुपारी सावलीला बसून भाकरी खायचा. मी एकटा, खानावळीला वैतागलेला. त्यानं पहिल्या दिवशी अर्धी भाकरी आणि ठेचा न विचारता माझ्यापुढे ठेवला, आणि मग त्याची बायको रोजच एक भाकरी जास्त बांधू लागली. वर्षभर मी ती खाल्ली.

त्यांची जमीन कारखान्याच्या कुंपणात गेली होती. जमीन गेलेल्या घरातल्या एका माणसाला नोकरी, असं ठरलं होतं, पण परीक्षेनंतर. चौथं घर निघालं तर नाही. म्हादू परीक्षेला आला तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला होता आणि मला ओळख दाखवावी की नाही हे त्याला कळत नव्हतं. त्याला मात्र मी सगळे प्रश्न विचारले. त्याचा दिवस मोठा होता म्हणून विचारले असतील.

सत्तेचाळिसावा प्रश्न होता, "बंद, अंधाऱ्या जागेत तुमचा जीव घाबरतो का?"

म्हादू आधी दाराकडे बघून मग माझ्याकडे वळला. "व्हय," तो म्हणाला. "लई."

आणि न विचारता त्यानं पुढचंही सांगितलं. त्यांच्या गावात धान्य साठवायला जमिनीत खोल पेव खणलेलं होतं. तोंड एवढंसं, आत माणूस उभा राहील एवढी खोली. तो नऊदहा वर्षांचा असताना धान्य काढायला त्याला दोरानं आत सोडलं. पेवातली हवा कोंदलेली होती. तो आतच बेशुद्ध पडला, आणि वर काढला तेव्हा मेलाच असं समजून बायका रडू लागल्या होत्या. "तवापासनं घरात निजत न्हाई मी," तो म्हणाला. "पावसात बी पडवीत निजतो. दार लावलं का काळीज असं करतं." त्यानं मूठ आवळून दाखवली.

मी त्याच्याकडे बघितलं, आणि कागदाकडे बघितलं. तोपर्यंतच्या त्याच्या उत्तरांत चौथ्या घराकडे झुकणाऱ्या फुल्या बऱ्याच झाल्या होत्या. ही आणखी एक पडली की तो गेला. जमीन गेलेली, आणि नोकरीही जाणार, कशामुळे, तर लहानपणी पेवात पडला होता म्हणून.

मी नाहीवर फुली मारली. मग एक कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून सगळ्या फुल्या नव्यानं मारल्या, थंड डोक्याच्या माणसाच्या.

"लिवलं का?" त्यानं विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो.

संध्याकाळी साहेब त्याचा कागद घेऊन माझ्याकडे आले. "इतका शांत माणूस मी आजवर पाहिला नाही," ते म्हणाले. मला हसू आवरेना. घरी जाताना मला पुण्य केल्यासारखं वाटत होतं, हे आज लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं खरं.

म्हादूनं आठ महिने पिंपं भरायचं काम केलं. मग रंग घुसळायच्या मोठ्या लोखंडी टाक्या आतून खरवडायची वेळ आली. टाकीला वरून एक भोक, त्यातून आत उतरायचं, कमरेला दोर, बरोबर दिवा. या कामाला दुसऱ्या घरातली माणसं निवडायची, असा साहेबांचाच नियम होता. यादीत पहिलं नाव म्हादूचं होतं. इतका शांत माणूस दुसरा नव्हताच ना.

आदल्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. भाकरीचं फडकं अजून सोडलं नव्हतं. "बाबू, टाकीत उतर म्हनत्यात," तो म्हणाला. "मी ते पेवाचं सांगितलं व्हतं न्हवं?"

साहेब शेजारच्या खोलीत होते. मधे एक पडदा होता. मी उठून आत जायचं आणि चार वाक्यं बोलायची, एवढंच होतं. पण चौथं वाक्य हे असणार होतं की कागद मी बदलला, आणि मग माझी नोकरी गेली असती, म्हादूचीही गेली असती. मी म्हटलं, "हळू बोल. उद्याचा एक दिवस काढ. मग मी तुझी बदली करून घेतो."

"बरं," म्हादू म्हणाला. त्यानं माझ्याशी वाद घातला नाही, की परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला. आतली हवा आधी तपासली होती, दिवा नीट जळत होता, दोर पक्का होता. वर धरायला दोन माणसं होती, त्यांनी नंतर सांगितलं ते असं. थोडा वेळ खरवडल्याचा आवाज येत होता. मग दिवा पडल्याचा आवाज आला आणि आत अंधार झाला. मग ओरडणं. त्यांनी दोर ओढला तर तो मोकळाच वर आला. त्यानं कमरेचा दोर सोडून टाकला होता, बांधल्यासारखं वाटलं असेल म्हणून. अंधारात तो लोखंडी पायऱ्यांवरून चढायला बघत होता, हात सुटला आणि तो खाली घुसळायच्या पात्यावर पाठीवर पडला. त्याला बाहेर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता, नखांत टाकीचा रंग भरलेला होता.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. म्हादूचा कागद त्यांच्यासमोर होता.

"सत्तेचाळिसावा प्रश्न त्याला नीट वाचून दाखवला होता?"

"हो," मी म्हणालो.

"आणि तो नाही म्हणाला?"

"हो."

त्यांनी घड्याळ काढून मेजावर ठेवलं. "मग तो माझ्याशी खोटं बोलला," ते म्हणाले. "नोकरीसाठी माणूस खोटं बोलणार, हे कुठल्याही खेडुताला कळलं असतं. मला कळलं नाही." मग म्हणाले, "मी वय विचारलं असतं तरी चाललं असतं."

त्याच संध्याकाळी ते सायकलनं चिखलीला गेले आणि म्हादूच्या बायकोला भेटले. तिचं नाव सगुणा. तिला त्यांनी सगळं सांगितलं, त्यांना ठाऊक होतं तेवढं. "त्याला बंद जागेबद्दल विचारलं होतं, तो नाही म्हणाला, मी त्यावर विश्वास ठेवला, चूक माझी आहे," असं ते तिला म्हणाले. जगात दुसऱ्या कुठल्याही अधिकाऱ्यानं हे केलं नसतं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, कशाला गेले? गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? तेव्हाही मला एवढंच सुचलं.

परीक्षा बंद झाली. वरच्या साहेबांना ती नकोच होती. महिन्याभरात साहेबांनी राजीनामा दिला. जाताना ते सगळ्या कागदांचा गठ्ठा घेऊन गेले आणि दिघीला आपल्या अंगणात जाळला, असं ऐकलं. मी नोकरीत राहिलो. माझं कामही बरं होतं, पुढे मला बढतीही मिळाली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांच्याबद्दल जे कानावर येई त्यावर कचेरीत लोक हसत. सवालसाहेबांनी विचारणं सोडलं, असं म्हणत. अक्षरशः सोडलं होतं. दुकानात गेले की हवी ती वस्तू बोटानं दाखवत आणि दुकानदार बोलेपर्यंत उभे राहत. कुणी भेटलं तर नमस्कार करत, पण "कसे आहात" म्हणत नसत. दिघीचा एक पानवाला मला म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय राव त्यांच्या. किती वाजले ते पण विचारत नाहीत."

एकदा मी कामासाठी भोसरीकडून येत होतो. माळावर नवीन रस्ते आखले होते, जुनी पायवाट मोडली होती. ज्या ठिकाणी दोन कच्चे रस्ते फुटतात तिथे ते सायकल धरून उभे होते. हॅट तीच. रस्त्यानं माणसं जात होती, बैलगाड्या जात होत्या. ते कुणालाही दिघीचा रस्ता विचारत नव्हते. मी लांबून पाव तास बघत राहिलो. त्या पाव तासात त्यांच्या शेजारून निदान दहाजण गेले असतील. ऊन चढलं होतं, आणि पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस तिथेच उभा होता.

मला ते बघवलं नाही. मी जवळ गेलो आणि रस्ता दाखवण्याऐवजी सगळं सांगून टाकलं. म्हादू हो म्हणाला होता हे सांगितलं, पेवाचं सांगितलं, कोरा कागद घेतला ते सांगितलं, आणि आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला होता तेही सांगितलं. ते शिव्या देतील, मारतील, काहीतरी करतील असं मला वाटलं होतं, आणि त्यांनी ते करावं असंही वाटत होतं.

त्यांनी सायकल जमिनीवर आडवी ठेवली. मग त्यांनी विचारलं, "बाकीचे कागद?"

"काही त्यांचे होते," मी म्हणालो. "पुष्कळ माझे होते."

"किती?"

"मोजले नाहीत."

"म्हणजे तीन वर्षं मी तुमचीच परीक्षा घेत होतो," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "आणि तरी तुम्ही मला कळला नाहीत."

त्यांनी सायकल उचलली, हँडलवरची माती पुसली. "मी त्या बाईला खोटं सांगून आलोय," ते म्हणाले. "चिखलीला जायला हवं. तुम्ही चला."

मी म्हटलं, आता दोन वर्षं झाली, आता कशाला जखमेवरची खपली काढायची. त्यांनी सायकल वळवली. मग मी पुढे झालो, कारण नव्या रस्त्यांतून चिखलीची वाट मला माहीत होती.

सगुणा अंगणात भुईमुगाच्या वेलांच्या शेंगा तोडत बसली होती. मला तिनं ओळखलं नाही. तिनं बांधून दिलेल्या भाकऱ्या मी वर्षभर खाल्ल्या होत्या, पण तिनं मला कधी पाहिलं नव्हतं. साहेबांना मात्र ओळखलं आणि पदर सारखा करून उठली. साहेबांनी हॅट काढली. "बाई, मागं मी तुम्हांला चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "तुमच्या नवऱ्यानं खरं सांगितलं होतं. लिहिणाऱ्यानं ते लिहिलं नाही. लिहिणारा हा आहे."

ती खाली बसली. हातातला वेल तसाच होता.

"काय सांगितलं व्हतं त्येनं?" तिनं मला विचारलं.

"पेवाचं," मी म्हणालो. "दार लावलं की काळीज कसं होतं ते. सगळं."

"तुमी इचारल्यावर?"

"हो. लगेच."

तिनं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं ती रडेल, पण ती रडली नाही. "मीच म्हनलं व्हतं त्येला," ती साहेबांना म्हणाली. "परीक्षेला निगाला तवा. म्हनलं, सायेब इचारंल तर पेवाचं सांगू नगंस, नोकरी जाईल. तुमी मागं येऊन म्हनला, न्हाई बोलला. मला वाटलं, माजं आयकलं त्येनं. माजं आयकलं म्हून मेला."

साहेब हातातल्या हॅटची कड बोटांनी सोलत होते.

"म्हंजी आयकलं न्हवतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अन् तुमी का लिवलं न्हाई?"

"त्याला नोकरी मिळावी म्हणून."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं असावं. तिनंही त्याच्यासाठीच तसं सांगितलं होतं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, रागानं नव्हे, एखाद्या नव्या माणसाकडे बघावं तशी.

"दोन वरसं झाली, मला झोप न्हाई," ती म्हणाली. "तुमाला लागती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिलाही बरं वाटलं असतं, निदान आपल्यासारखं आणखी कुणी आहे एवढं तरी. साहेब शेजारी उभे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या मातीकडे बघत होते. दोन वर्षं मी रोज जेवत होतो, आणि दिवा मालवला की पाठ टेकताच मला झोप लागत होती.

"लागते," मी म्हणालो.